शॉपीतला ई आणि ठगाचा थ

सांगलीच्या एसटी स्टँडवर उतरा, बाजारपेठेच्या दिशेने चालू लागा आणि फक्त पाट्या वाचा. मोबाईल शॉपी. साडी शॉपी. दूध शॉपी. बिअर शॉपी. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलात तरी हेच. ‘शॉप’ तर आपण शाळेत घोकलेला शब्द: एस-एच-ओ-पी शॉप, शॉप म्हणजे दुकान. मग त्याच्या शेपटाला हा ई कुठून येऊन चिकटला? लंडनचा माणूस दुकानाला शॉपी म्हणत नाही. न्यूयॉर्कचाही म्हणत नाही. आपल्याकडे मात्र शॉपी इतकी रुळली आहे की तिचं अनेकवचनही तयार आहे. ‘आज शॉप्या बंद आहेत’ हे वाक्य कुणालाच अडत नाही. टपरी, पेढी, गिरणी यांच्या पंगतीत ती स्त्रीलिंगी होऊन बसली आहे.

पुष्कळ पाट्यांवर तोच शब्द खाली इंग्रजीतही लिहिलेला असतो. तो नीट बघा. रंगवणारा पहिल्या पीवर थांबलेला नसतो. तिथे पी बहुधा दोनदा येतो आणि शेवटी ई असतो, कधी एक, कधी दोन. मला या शब्दाचं बीज दिसतं ते इथे. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात दुकान या शब्दाचं स्पेलिंग असंच होतं: एस-एच-ओ-पी-पी-ई. चॉसर हा इंग्रजीचा थोर जुना कवी १४०० साली वारला. त्याच्या काळी हा शेवटचा ई मुका नव्हता. त्याचा हलका, आपल्या अ सारखा उच्चार व्हायचा. पुढे तो जिभेवरून घरंगळला, मग लिहिण्यातूनही गेला.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. आपण ‘राम’ लिहितो आणि ‘राम्’ म्हणतो. शेवटचा अ आपणही हरवला आहे. पण संध्याकाळी देवापुढे श्लोक म्हणताना तोच अ पुन्हा जागा होतो, चालीला त्याची गरज असते म्हणून. चॉसरच्या ओळीही नीट म्हणायच्या तर तिथला मेलेला ई असाच उठवावा लागतो.

नंतरच्या काळात इंग्रज दुकानदारांना जुनेपणाची हौस आली. जुनं म्हणजे अस्सल, जुनं म्हणजे खात्रीचं, अशी भावना गिऱ्हाइकाच्या मनात रुजवण्यासाठी त्यांनी ते टाकून दिलेलं स्पेलिंग पुन्हा पाटीवर चढवलं. ते स्वतः त्याचा उच्चार ‘शॉप’च करत राहिले, ई फक्त शोभेचा. ती शोभा हिंडत हिंडत आपल्या मुलखात आली आणि इथे तिला भेटले देवनागरीवर वाढलेले वाचक. आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी दिसली की ती बोलायची. अक्षर लिहिलं आहे आणि ते मुकं आहे, हा इंग्रजीचा रिवाज आपल्या अंगवळणी कधीच पडला नाही. त्यामुळे आपण तो ई वाचला. कुणी शंका ठेवू नये म्हणून पुढे दुसरा ई जोडला. चॉसरच्या जिभेवरचा एक स्वर शतकानुशतकं गप्प राहिला, आणि पुन्हा बोलला तो सांगलीच्या मारुती रोडच्या गर्दीत, मोबाईलची काच बदलून देणाऱ्या दुकानाच्या पाटीवरून. मला ही गोष्ट पहिल्यांदा उमगली तेव्हा मी त्या पाटीखाली उभाच राहिलो.

इंग्रजांच्या त्या हौशी पाट्यांवर ‘शॉप’च्या आधी बरेचदा ‘ये’ असा शब्द असतो, वाय आणि ई. तो तर याहून मोठा चकवा आहे. जुन्या इंग्रजीत ‘द’ आणि ‘थ’ यांच्या जवळच्या ध्वनींसाठी एक स्वतंत्र अक्षर होतं. त्याचं नाव थॉर्न, म्हणजे काटा. एक दांडा आणि त्याला चिकटलेलं पोट. लेखनिकांच्या घाईत ते पोट उघडत गेलं आणि अक्षर दिसायला वायसारखं झालं. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला. खिळे घडवण्याची विद्या युरोपच्या मुख्य भूमीवरची, आणि तिथल्या खिळ्यांत थॉर्न नव्हतं. मग छापणाऱ्यांनी त्याच्या जागी सरळ वाय बसवला. म्हणजे तो ‘ये’ कधी ‘ये’ नव्हताच, तो ‘द’ होता. कुणी इंग्रज कधी तसं म्हणालाच नाही. खिळा नव्हता म्हणून एक शब्द जन्मला. आज जगभरची पोरं गमतीत जुन्या ढंगाचं इंग्रजी लिहितात, तेव्हा हाच ‘ये’ लिहितात.

थॉर्न गेलं आणि त्याचं काम टी-एच या जोडीवर पडलं. ही जोडी नीट लक्षात ठेवा, कारण तिनेच आपला एक शब्द जगभर फिरवून आणला, आणि घरी परत आला तेव्हा तो आपल्याला ओळखूच आला नाही.

कऱ्हाडला माझा भाचा असतो. त्याने मध्यंतरी मला एक रील पाठवली. गावाकडची एक आजी, तिला कुणीतरी खोचक प्रश्न विचारतो, आजी एका वाक्यात त्याला गप्प करते. लगेच चित्र थांबतं, वरून काळा गॉगल उतरून आजीच्या डोळ्यांवर बसतो, अमेरिकन ठेका वाजू लागतो आणि खाली अक्षरं येतात: टी-एच-यू-जी, पुढे लाइफ. भाच्याने वर लिहिलं होतं, ‘मामा, आजी थग लाइफ!’ मी त्याला फोन करून विचारलं, थग म्हणजे काय रे? तो म्हणाला, ‘थग म्हणजे... बिनधास्त. कुणाला न घाबरणारा. इंग्लिश शब्द आहे मामा.’

इंग्लिश शब्द! तो आपला ठग आहे. संस्कृतात स्थग म्हणजे लबाड, लपवाछपवी करणारा. त्याच कुळातून ठग, ठक, ठकवणे, ठकसेन. ‘ठकास महाठक’ म्हणणाऱ्या आपल्या आजीला तो पुरता ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी वाटमाऱ्या टोळ्यांवर मोहीम काढली आणि हा शब्द इंग्रजी कागदांत शिरला. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने तर १८३६ साली कलकत्त्यात ‘रामासीआना’ नावाचं पुस्तक छापलं. ते चक्क ठगांच्या गुप्त बोलीचा कोश होतं. एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने आडवाटेच्या बोलीतले शब्द एकेक करून नोंदवून ठेवावेत, यामागे भीती होती, शिक्षेची तयारी होती, आणि मला वाटतं, कुतूहलही होतं. तीन वर्षांनी, १८३९ मध्ये, निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलरची ठगाच्या कबुलीजबाबावरची कादंबरी आली आणि शब्द लंडनच्या घराघरांत पोचला.

आता अडचण अशी, की इंग्रजीत ठ नाही. टाळूला जीभ लावून, वर श्वासाचा झोत देऊन काढायचा हा आवाज त्यांनी टी लिहून, श्वासासाठी एच जोडून दाखवला. भारतात राहिलेल्या साहेबाला तो कळत होता. पण लंडनच्या वाचकाने टी-एच पाहिलं की त्याची जीभ सवयीने दातांकडे जाणार, कारण ही जोडी तर थॉर्नची वारस! तसा ठगाचा थग झाला. कॅक्स्टनच्या पेटीत थॉर्नचा खिळा असता, त्या ध्वनीचं अक्षर वेगळं राहिलं असतं, तर टी-एच ही जोडी ठ साठी मोकळी उरली असती, असं मला वाटत राहतं. ठाण्याचं नाव इंग्रजीत वाचून ‘थाणे’ म्हणणारा पाहुणा याच वाटेने चुकतो.

थग मग अमेरिकेत गेला. तिथे तो गुंड झाला, दांडगट झाला, पुढे काळ्या वस्त्यांतल्या तरुणांवर मारायचा शिक्काही झाला. आणि मग त्या वस्त्यांतल्या गायकांनी तो शिक्का स्वतःच्याच छातीवर अभिमानाने लावला. टुपाक शकूर या रॅप गायकाने ‘थग लाइफ’ नावाचा चमू काढला, १९९४ मध्ये त्या नावाचा अल्बम आला, त्याने ही अक्षरं पोटावर गोंदवून घेतली. त्या अक्षरांचा त्याने एक लांब अर्थही लावला होता आणि त्यातल्या ‘तुम्ही’ या अर्थाच्या शब्दासाठी नुसता एकटा यू वापरला होता. २०१७ साली अँजी थॉमस यांच्या गाजलेल्या कादंबरीच्या नावात तोच एकटा यू मुखपृष्ठावर आला. व्याकरणाच्या मास्तरांनी ज्याला लाल रेघ मारली असती, ते अक्षर आता ग्रंथालयाच्या यादीत आहे.

खरा चमत्कार तर ‘थग’मधल्या यूमध्ये आहे. आज आपण ठग रोमन अक्षरांत लिहायला बसलो तर यू घालणार नाही, ए घालू. मग तिथे यू का? कारण कंपनीच्या काळचे लेखनिक कानाने लिहीत. त्यांच्या ‘कट’, ‘बट’मध्ये यू चा उच्चार अ, म्हणून आपल्या अ ला बहुधा यू. ई साठी दोन ई, ऊ साठी दोन ओ. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ साली इंग्रजांनी पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथे झगडले. लंडनमध्ये त्या काळी छापलेल्या कागदांत त्यांचं नाव कसं आहे पाहा: आर-यू-एन-जी-ओ, आणि बापूजींच्या शेवटी दोन ई. साताऱ्यात टी दोनदा. पुणे म्हणजे पूना, दोन ओ घालून. खडकीच्या शेवटीही दोन ई. ग्रांट डफ साताऱ्यात रेसिडेंट होता, त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, तर त्याच्या मुखपृष्ठावर ‘मराठा’ या शब्दात एच आधी आणि आर नंतर.

१८७० च्या दशकात विल्यम हंटरने सरकारी कागदांसाठी नियम बसवले: अ ला ए, ई ला आय, उ ला यू. गावांची नावं हळूहळू नव्या वळणावर आली. पण तोवर इंग्रजीत मुरलेले शब्द जुन्या वळणाचेच राहिले. जंगल, पंडित, पंजाब, या सगळ्यांत तो कंपनीचा यू अजून बसला आहे, आणि ठगातही. ठग हा शब्द पन्नास वर्षं उशिरा इंग्रजीत गेला असता तर त्याचं स्पेलिंग वेगळं झालं असतं, टुपाकच्या पोटावर वेगळी अक्षरं असती आणि माझ्या भाच्याने ‘थॅग लाइफ’ लिहिलं असतं. रंगो बापूजींच्या नावातला यू आणि आजीच्या गॉगलखालचा यू एकाच काळातले आहेत.

भाच्याचे बाकीचे मेसेजही मी हल्ली नव्या नजरेने वाचतो. मग म्हणजे एम-जी. तर म्हणजे टी-आर. नाहीमधून आ गायब. ‘आहे’ कधी एका ए ने, कधी दोन ए ने, एकाच वाक्यात दोन्ही. कुठल्याच शाळेने या पोरांना मराठी रोमन अक्षरांत लिहायला शिकवलेलं नाही. कंपनीच्या लेखनिकासारखीच ती कानावर विसंबून आहेत, फक्त दिशा उलटी आहे. आणि घाईत स्वर गाळणं, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करणं हे तर आपल्या घरचंच आहे. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळत नसत. छत्रपतींच्या दफ्तरातला कारकून बोरू न उचलता झरझर लिहायचा. भाचा अंगठा न थांबवता लिहितो.

आपण इंग्रजी नावं लिहिली तेव्हा काय झालं? एल्फिन्स्टनचा मराठी कागदांत अल्पिष्टन झाला. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट लोकांच्या तोंडी ‘ईष्टूर फाकडा’ झाला. शत्रूच्या शौर्याला दाद देणारं ते नाव, आणि पुढचा तो ई? स आणि ट एकदम म्हणायला जिभेला जड, म्हणून तिने आधी एक पायरी बांधली. खेड्यात ‘इस्कूल’, ‘इष्टॉप’ म्हणणाऱ्याला आपण अडाणी ठरवतो. पण स्पेनमध्ये शाळेला ‘एस्कुएला’ म्हणतात, अगदी याच कारणाने. खुद्द इंग्रजीत ‘स्पेशल’ आणि ‘एस्पेशल’, ‘स्टेट’ आणि ‘एस्टेट’ या जोड्या आहेत. त्यातलं एकेक रूप फ्रेंचांनी पायरी बांधलेलं आहे.

तसंच ‘रिक्स’चं. ‘रिक्स घेऊ नगंस’ असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. शाळेतला डेस्क डेक्स होतो. मतलब ‘मतबल’ होतो, आणि द्राक्षबागेवर गारा पडल्या की तासगावचा शेतकरी ‘लय नुस्कान झालं’ म्हणतो. दोन व्यंजनं जागा बदलतात; याला वर्णविपर्यय म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत ‘आस्क’ला ‘आक्स’ म्हणतात आणि त्यावरून त्यांना फार हिणवलं गेलं आहे. प्रत्यक्षात हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ती दोन्ही रूपं शेजारी शेजारी नांदत होती आणि चॉसरनेही ‘आक्स’ लिहिलं आहे. हिणवणाऱ्यांपेक्षा तो शब्द वयाने मोठा आहे. इंग्रजीतल्या पक्ष्याचंही तेच: ‘बर्ड’ आधी ‘ब्रिड’ होता.

आणि आपल्या मातीतलं सगळ्यात तेजस्वी उदाहरण १९४३ चं आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. जिल्हा १९४९ मध्ये विभागला गेला आणि दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. तर त्या अखंड साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी उभं केलं ते प्रतिसरकार. लोकांनी त्याचं केलं पत्रीसरकार. प्र मधला र सुटला आणि पुढच्या त वर जाऊन बसला, बस्स एवढंच झालं. पण बैलाच्या खुराला पत्री मारतात, आणि फितुरांच्या पायाला हे लोक पत्री ठोकतात अशी दहशत पसरली होती. एका अक्षराने घर बदललं आणि शब्दाला दातच फुटले. संस्कृतातलं ‘प्रति’ किती जणांना कळलं असतं? पत्री सगळ्यांना कळली, इंग्रजांच्या बाजूने कानाला लागणाऱ्यांना तर नक्कीच.

आता इथला आजचा लाडका शब्द घ्या: ‘विषय हार्ड’. एखादं काम, माणूस, बैलजोडी, जबरदस्त असली की विषय हार्ड. मोबाईलवर लिहिताना पोरं त्यात आवाज चढवायला ए वाढवतात, शेवटचा डी चार-चारदा लिहितात. मला आधी वाटायचं, हार्ड म्हणजे कठीण, हा अर्थ इथे कसा बसवला? मग जुनी इंग्रजी पाहिली. तिथे या शब्दाचं स्पेलिंग एच-ई-ए-आर-डी, आणि अर्थ कठीण तर आहेच, शिवाय कणखर, शूर. रिचर्ड, बर्नार्ड, लिओनार्ड या नावांच्या शेवटी बसला आहे तो हाच हार्ड. बर्नार्ड म्हणजे अस्वलासारखा धीट, लिओनार्ड म्हणजे सिंहासारखा. शर्यतीत पहिल्या आलेल्या बैलजोडीकडे बघून वाळव्याचं पोरगं ‘हार्ड’ म्हणतं, तेव्हा त्याला शब्दाचा तो सर्वात जुना गाभा सापडलेला असतो. कुणी सांगितलेला नसताना.

गेल्या गळीत हंगामाच्या तोंडावर मिरज रस्त्याला एका पेंटरकडे बसलो होतो. उसाची ट्रॉली रंगवायला आली होती. मागच्या फळीवर वर देवीचं नाव झालं होतं, कडेला दोन मोर झाले होते, आणि मधल्या पट्ट्यात ट्रॉलीवाल्या पोराला ‘थग लाइफ’ हवं होतं, मराठी अक्षरांत. पेंटर साठीचा. त्याने खडूने आखून घेतलं आणि हात बसलेलाच असावा तसा गोल गरगरीत ‘ठ’ रंगवला. ठग.

पोरगं पुढे आलं. ‘काका, ठ नगं. थ पायजे.’

‘अरे ठगच म्हणत्यात त्याला,’ पेंटर म्हणाला.

‘ठग म्हंजे फसवणारा. मी काय कुणाला फसवतोय व्हय? थग येगळा.’

मी तोंड उघडणार होतो. स्लीमन, टेलर, टुपाक, सगळे जिभेच्या टोकावर आले होते. पण पोराच्या बोलण्यात खोट नव्हती. कॅम्प आणि कंपू एका कुळातले, तरी कुणी ‘एनसीसीचा कंपू’ म्हणत नाही. हॉस्पिटल आणि इस्पितळ सख्खे भाऊ, पण एक इंग्रजांबरोबर आला, एक पोर्तुगीजांबरोबर, आणि आज दोघांची अब्रू वेगळी आहे. तशी ठग आणि थग ही जोडी माझ्या डोळ्यांदेखत फुटत होती: एक लबाड, दुसरा निडर. असं फुटणं एरवी कोशात वाचायला मिळतं, आणि तेही शे-दीडशे वर्षांनी.

पेंटरने फडकं टर्पेंटाईनमध्ये बुडवलं, ओला ठ पुसून काढला, पट्टा सुकू दिला. मग ब्रश झटकून विचारलं, ‘थ ला शाडो काळा देऊ का लाल?’

‘लाल,’ पोरगं म्हणालं.